वाल्याच्या रांजणांतील खडे

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रांतील मुलांना अक्षरओळख होण्यापूर्वींच ठाऊक झालेली असते. रानांतून जाणाऱ्या वाटसरूंना अडवावें, लुटावें, मारावें, आणि दर हत्येमागें एक खडा रांजणांत टाकावा, असा त्याचा क्रम. असे सात रांजण भरले, तेव्हां एके दिवशीं नारदमुनि त्या वाटेनें आले. त्यांनीं विचारलें कीं, हें सारें ज्यांच्यासाठीं चाललें आहे तीं बायकामुलें या पापाचा वांटा घेतील काय? वाल्यानें मुनींना झाडाला बांधून ठेवलें आणि तो घरीं गेला. घरच्यांनीं उत्तर दिलें कीं, आम्हांला पोसणें हें तुमचें काम. पाप मात्र ज्याचें त्याला. रामनामाचा आणि वारुळाचा पुढचा भाग सर्वश्रुतच आहे. मूळ वाल्मीकिरामायणांत ही कथा नाहीं. ती मागाहूनच्या ग्रंथांतून लोकांत पसरली. पण तेवढ्यानें तिचें वजन कमी होत नाहीं.

ज्याचें त्यानें भोगावें, एवढेंच या कथेचें तात्पर्य म्हणून मुलांना सांगण्यांत येतें. तें खोटें नव्हे. परंतु कथा ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला तिच्यांत दोन प्रश्न दिसूं लागतात. नारद त्या दिवशीं दुसऱ्या वाटेनें गेले असते तर वाल्मीकि झाला असता काय? रानांत वाटा पुष्कळ असतात आणि लुटारूहि पुष्कळ. ज्यांना नारद भेटले नाहींत त्यांचीं नांवें कोणाला माहीत नाहींत. दुसरा प्रश्न घरच्यांच्या उत्तराचा. त्यांनीं पापाचा वांटा नाकारला खरा, पण त्यांच्या पोटांत गेलेला प्रत्येक घांस त्याच लुटीचा होता. त्यांचा नकार कायद्यानें बरोबर असेल. तो न्यायाचा होता काय?

१९७६ सालीं इंग्लंडचे बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकेचे टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं एकाच चर्चेंत दोन निबंध मांडले आणि या जातीच्या प्रश्नांना ‘नैतिक दैव’ असें नांव दिलें. नांवांत मुद्दामच विसंगति ठेवलेली होती. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, माणसाची योग्यता त्याच्या संकल्पावरून ठरते. तो संकल्प परिस्थितीच्या कृपणपणामुळें फळाला आला नाहीं, तरी त्याचें तेज उणें होत नाहीं. धन, रूप, आयुष्य यांची वांटणी दैवानें कशीहि करावी, नीति मात्र प्रत्येकाच्या हातची, असा एक दिलासा या मतांत आहे, आणि सुशिक्षित कुटुंबांत तो बहुतेक गृहीतच धरलेला असतो. पैसा नसला तरी चालेल, माणूस प्रामाणिक पाहिजे, हें वाक्य ज्या घरांत बोललें जातें त्या घरांत पैसा बहुधा असतोच.

नीतीच्या क्षेत्रांत दैव कोणत्या दारानें शिरतें, याचे नेगेलनें चार प्रकार केले. त्यांपैकीं एक कार्यकारणाच्या साखळीसंबंधींचा आहे. तो सूक्ष्म वादाचा असल्यानें येथें बाजूला ठेवण्यास हरकत नाहीं. उरलेले तीन मात्र रोजच्या व्यवहारांतले आहेत.

पहिलें दैव परिणामाचें. एखाद्या रस्त्यावरून दोन मोटारी सारख्याच बेफाम वेगानें चालल्या आहेत असें समजावें. दोघेहि चालक सारखेच बेपर्वा. पहिला सुखरूप घरीं पोंचतो. दुसऱ्याच्या वाटेंत चेंडूमागें धांवणारें एक मूल येतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें निव्वळ बेदरकारीनें गाडी हांकण्यास फार तर सहा महिने कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेदरकारीमुळें मृत्यु ओढवला तर पांच वर्षांपर्यंत कैद. यापूर्वींच्या १८६० च्या दंडसंहितेंतहि असा भेद होताच. कायद्याला त्याबद्दल फारसा दोष देतां येणार नाहीं. मूल गेलें ही गोष्ट खरी आहे, आणि त्याच्या आईपुढें हेतूंचें तात्त्विक मोजमाप मांडणें क्रूरपणाचें होईल. पण पहिला चालक दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना ती बातमी वाचतो आणि त्या दुसऱ्याला नराधम म्हणतो, तेव्हां त्याच्या स्वच्छ हातांमध्यें त्याची स्वतःची कमाई किती, हा प्रश्न उरतोच.

विल्यम्सनें याच्या पुढचें एक उदाहरण घेतलें आहे. मालमोटारीचा चालक पूर्ण सावध आहे, त्याची कांहींच चूक नाहीं, तरी मूल चाकाखालीं सांपडतें. सगळे त्याची समजूत घालतात कीं, यांत तुझा दोष नाहीं. तें खरेंच असतें. परंतु तो चालक जर चटकन मान डोलावून म्हणाला, ‘होय, माझा दोष नाहींच,’ आणि जेवावयास बसला, तर समजूत घालणारेच चपापतात. दोष नसतांहि आपल्या हातून जें घडलें तें आपलें, अशी एक जाणीव माणसांत असते, आणि ती नसलेला माणूस कोणालाच नकोसा वाटतो. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें तिची गरज लागणार आहे.

दुसरें दैव प्रसंगाचें. नेगेलचा दाखला प्रसिद्ध आहे: नाझी सत्तेवर आलेच नसते तर छळछावणीचा एखादा अंमलदार आयुष्यभर निरुपद्रवी गृहस्थ म्हणून जगला असता, आणि १९३० सालीं व्यापारानिमित्त जर्मनी सोडून अर्जेंटिनांत गेलेला एखादा निरुपद्रवी गृहस्थ तेथेंच राहता, तर कदाचित् छावणीचा अंमलदार झाला असता. हा केवळ कल्पनेचा खेळ वाटूं नये म्हणून दोन प्रयोगांची आठवण करून देणें बरें.

१९६१ सालीं येल विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनीं साध्या नोकरदार लोकांना स्मरणशक्तीचा प्रयोग म्हणून बोलाविलें. पलीकडच्या खोलींतील इसम चुकला कीं त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आणि तो वाढवीत न्यावयाचा, असें त्यांना सांगितलें. वीज खोटी होती, ओरडणें खोटें होतें; पण कळ दाबणाऱ्यांना तें माहीत नव्हतें. चाळीसपैकीं सव्वीसजण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. मग मिलग्रॅमनीं नव्या मंडळींवर तोच प्रयोग थोड्या फरकानें केला: शेजारीं बसलेले दोन सोबती मध्येंच ‘आम्ही हें करणार नाहीं’ म्हणून उठले. हे सोबती आंतून शिकविलेले होते. या खेपेस चाळीसपैकीं शेवटपर्यंत गेलेले अवघे चार. माणसें दोन्ही खेपांस त्याच मासल्याचीं होतीं. बदलला होता तो शेजार. दुसरा प्रयोग अमेरिकेंतीलच प्रिन्स्टन येथील धर्मोपदेशक होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाला आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. भाषण करावयास दुसऱ्या इमारतींत जा, असें त्यांना सांगण्यांत आलें, आणि वाटेंत दाराशीं एक माणूस खोंकत, कण्हत बसविलेला होता. कित्येकांच्या भाषणाचा विषय बायबलांतील परोपकारी वाटसरूची कथा हाच होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकीं शेंकडा ६३ जण थांबले. ज्यांना उशीर झाल्याचें सांगितलें होतें त्यांच्यापैकीं शेंकडा १०. परोपकारावर बोलावयास निघालेले कांहींजण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

प्रयोगशाळेंतील असले निष्कर्ष जपून वापरावे लागतात, आणि मिलग्रॅमच्या प्रयोगावर पुढें आक्षेपहि पुष्कळ आले. तरी एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, ज्या सद्गुणाला माणूस आपल्या स्वभावाचा भाग समजतो, त्याचा कांहीं अंश हाताशीं असलेल्या सवडीचा आणि शेजारच्या माणसाच्या धैर्याचा असतो.

तिसरें दैव सर्वांत खोल आहे, कारण तें प्रसंग येण्यापूर्वींच आपलें काम उरकून बसलेलें असतें. तें घडणीचें दैव. कोणत्या घरांत जन्म झाला, भूक केव्हां कळली, मार कोणाचा खाल्ला, शाबासकी कशाबद्दल मिळाली, यांवरून माणसाच्या रागालोभांना आकार येतो. आणि पुढें त्याच आकाराला चारित्र्य असें नांव देऊन त्याची किंमत त्याच्याकडून वसूल केली जाते. याचें उदाहरण शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

आगगाडी येण्यापूर्वीं दख्खनचा मालव्यवहार बराचसा बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे शेंकडों पाठाळ बैलांवर धान्य आणि मीठ लादून कोंकणपट्टीपासून देशावर जात. सैन्यांना रसद पोंचविणें हेंहि त्यांचेंच काम. कैकाडी आणि त्यांच्यासारख्या इतर फिरत्या जमातींचा लहानसहान व्यापार आणि कारागिरी याच वाटांवर जगे. १८५३ च्या एप्रिलमध्यें बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढें लोहमार्ग घाट चढून वर आले, पक्क्या सडका झाल्या, आणि तांड्यांचा माल गाड्यांत चढला. धंदा गेला तरी फिरणें राहिलें, आणि निरुद्योगी फिरत्या माणसाकडे गांव ज्या नजरेनें पाहतें ती नजर त्यांच्याकडे वळली.

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विधेयकाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला तो ऐकण्यासारखा आहे: या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा कोष्टी होतो, तेव्हां कांहीं जाति पिढीजात गुन्हेगारहि असणारच. कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला, १९११ सालीं तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लावण्याची सोय झाली, आणि १९२४ सालीं तो नव्यानें बांधून काढण्यांत आला. एखादी जमात सरकारी पत्रकांत जाहीर झाली कीं तिच्या माणसांचीं नांवें पोलिसांच्या वहींत चढत, ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावी लागे, आणि परवान्याशिवाय नेमून दिलेल्या जागेबाहेर जातां येत नसे. जाहीरनामा योग्य कीं अयोग्य हें पाहण्याचा अधिकार न्यायालयांना ठेवलेला नव्हता. मुलांना आईबापांपासून वेगळें काढून सुधारगृहांत घालण्याची तरतूदहि पुढें करण्यांत आली. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या आंत अशा जमातींची वसाहत होती आणि तेथील माणसें गिरण्यांत कामास जात. शहराचा तो भाग ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो.

या यंत्राची करामत अशी कीं, जो दोष माणसांत आहे असें तें धरून चालत होतें, तो तें स्वतःच तयार करीत होतें. हजेरी बांधलेल्या माणसाला शेतकरी कामावर घेईना, कारण गांवांत चोरी झाली कीं पहिला छापा त्याच्या पालावर. काम नाहीं म्हणून तो परगांवीं जाऊं लागला, तर विनापरवाना जाणें हाच गुन्हा. अशा तऱ्हेनें एका दमडीलाहि हात न लावतां माणूस शिक्षेस पात्र होई. आणि शिक्षा झाली कीं वहींतील नोंद खरी ठरे. ज्या मुलानें आपल्या बापाला रोज हजेरी देतांना पाहिलें, त्याला प्रामाणिकपणाचें बक्षीस कोणत्या दुकानांत मिळणार होतें? लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मचरित्र १९८७ सालीं प्रसिद्ध झालें आणि १९८८ सालीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरी हाच धंदा ठरलेल्या वस्तींत मूल कसें वाढतें, याचें असें जवळून केलेलें वर्णन मराठींत त्यापूर्वीं नव्हतें. त्याच वस्तींत वाढलेला एक मुलगा लेखक झाला, कारण बापानें त्याला शाळेंत घातलें. ही त्याच्या वाटेवरची नारदाची भेट होय. तिच्यापुढें चालावयाचे कष्ट मात्र त्याचेच.

या देशांतील प्राचीन विचाराला दैवाची ओळख नव्हती असें नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत. कर्ता हें त्यांतलें एक, आणि पांचवें दैव. दैव आणि पुरुषार्थ यांची तुलना शेत आणि बीं यांच्याशीं महाभारतांत केलेली आढळते. पण हा सर्व ऊहापोह बहुधा यशापयशासंबंधीं आहे. शील घडविण्यांत दैवाचा वांटा किती, हा प्रश्न त्यांत मागें पडतो. शिवाय कर्मविपाकाची कल्पना एकदां मान्य केली कीं जन्म हा योगायोग राहतच नाहीं. तो पूर्वकर्माची कमाई ठरतो, आणि ज्याला वाईट वस्तींत जन्म मिळाला त्याला तो मिळावयासच हवा होता, असें म्हणण्याची वाट मोकळी होते. १८७१ चा कायदा परक्यांनीं केला हें खरें. पण जन्मावरून माणसाचें शील वाचण्याची लिपि त्यांना येथें तयारच मिळाली.

तिला नेमकें उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या, १९३६ सालीं लाहोरच्या परिषदेसाठीं लिहिलेल्या पण तेथें होऊं न शकलेल्या भाषणांत सांपडतें. माणसाची शक्ति तीन गोष्टींवर अवलंबून असते, असें ते म्हणतात: शरीराची आनुवंशिकता, समाजाकडून मिळालेला वारसा म्हणजे आईबापांचें लक्ष, शिक्षण, साधनें, आणि तिसरा स्वतःचा प्रयत्न. प्रयत्नांत जो अधिक त्याला अधिक मिळावें हें समजण्यासारखें आहे. परंतु पहिल्या दोहोंत जो मागें राहिला त्यालाहि त्याच मापानें मोजणें म्हणजे शर्यतीपूर्वींच निकाल लावणें होय. आंबेडकरांचा विषय समता हा होता. पण शक्तीच्या जागीं शील हा शब्द घातला तर युक्तिवादाला कोठें तडा जात नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सगळेंच जर दैवानें घडविलेलें, तर चोराला चोर कां म्हणावें? खुन्यानें आपलें बाळपण पुढें करावें आणि सुटून जावें, असें व्हावयाचें काय? या भीतीनें पुष्कळ विचारी माणसें हा विषय उघडावयासच नको म्हणतात.

आक्षेपाचें उत्तर त्या तारेच्या कुंपणांतच आहे. त्या जमातींतील असंख्य माणसांनीं चोरी केली नाहीं. गिरणींत राबून, दगड फोडून, टोपल्या विणून, उपाशी राहूनहि केली नाहीं. ‘परिस्थितीनें त्यांना चोर बनविलें’ असें सरसकट म्हणणारा दयाळू गृहस्थ नकळत १८७१ च्या कायद्याचेंच कलम पुन्हा वाचीत असतो; फरक एवढाच कीं कायद्यानें तें दरडावून वाचलें आणि हा गहिंवरून वाचतो. दोघांच्याहि वहींत त्या माणसाचा स्वतःचा असा कांहीं भाग शिल्लक राहत नाहीं. जबाबदारी काढून घेणें हाहि एक अपमानच आहे. विल्यम्सच्या चालकाला जसें आपल्या हातून घडलेलें आपलें वाटतें, तसें वाटण्याचा हक्क पालांतल्या माणसालाहि आहे. वाल्यानें आपले खडे आपलेच मानले, म्हणून तो बदलूं शकला.

तेव्हां केलें कोणीं, आणि त्याबद्दल बोल किती लावावा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. भारतीय न्यायपद्धतीनें हा वेगळेपणा कांहीं अंशीं ओळखलेला आहे. १९७३ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें दोषी ठरलेल्या माणसाचें शिक्षेच्या प्रश्नावर निराळें ऐकून घेण्याची तरतूद केली. १९८० सालीं बच्चनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, मृत्युदंडाचा विचार करतांना गुन्ह्याची परिस्थिति पाहावी तशी गुन्हेगाराचीहि पाहावी. आणि २०२२ सालच्या एका निकालांत त्या माणसाचें बाळपण, घर, शिक्षण, गरिबी यांची माहिती न्यायालयापुढें आलीच पाहिजे असा आग्रह धरला. दोष सिद्ध होतांना ही माहिती कामाची नसते. शिक्षा मोजतांना असते. न्यायाधीशाला हा संथपणा कायद्यानें शिकविला. तो घरांत मात्र फारसा उतरलेला दिसत नाहीं. अंगठी हरवली कीं पहिली नजर मोलकरणीकडे जाते; दोन दिवसांनीं ती स्नानगृहांतील साबणाच्या डबीमागें सांपडते, आणि मग त्या दोन दिवसांचा खडा कोणी कोणत्याच रांजणांत टाकीत नाहीं.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला, आणि त्या जमातींना विमुक्त असें नांव मिळालें. महाराष्ट्राच्या यादींत अशा चौदा जमाति आहेत. त्यानंतर सराईत गुन्हेगारांविरुद्धचे कायदे निरनिराळ्या राज्यांत झाले, आणि जुन्या वहींतलीं पुष्कळ नांवें नव्या वहींत चढलीं, अशी तक्रार या जमातींचे कार्यकर्ते करीत आले आहेत. वह्या बदलल्या, तरी गेलेल्या धंद्याच्या जागीं जमीन किंवा दुसरें काम ज्यांना मिळालें नाहीं, अशीं कुटुंबें त्यांत पुष्कळ होतीं. वाल्याच्या कथेंतहि हा भाग सुटलेलाच आहे. तो रामनाम घेत वारुळांत बसला. पण त्याच्या घरची चूल दुसऱ्या दिवशीं कशानें पेटली, हें कोणताहि कथेकरी सांगत नाहीं.